आईच्या नावाचा रकाना

बॉथेल, ९ मार्च २०२५

श्रीरंग,

“ताई, आज मी तीनशे बारा माणसांच्या नावापुढे त्यांच्या आयांची नावं लिहिली. आईला सांग.”

हे तुझं वाक्य जून २०१६ मधलं. लाइन खरखरत होती आणि तू धापा टाकत बोलत होतास. मी लगेच नागपूरला फोन लावला. तुझं वाक्य आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्या शाळेच्या वहीवरचं माझं नाव त्या मास्तरांनी लाल शाईने खोडलं होतं. त्याने लक्षात ठेवलं बघ.”

सहा वर्षांनी ती गेली. तिच्या तेराव्याला मी पंगतीत हीच गोष्ट सांगत होते आणि तू भरलं पान टाकून उठलास. चपला घातल्यास आणि गेलास. आईच्या तेराव्याचं पान! त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. मला वाटलं, ताईचं कौतुकही तुला आता खुपतं.

तू का उठलास ते मला मंगळवारी कळलं. राग कमी होईल असं वाटलं होतं. तो वाढलाय.

आमच्या इथे ड्रायक्लीनरच्या दुकानात हनान म्हणून एक बाई कपडे आल्टर करते. वर्षभरापूर्वी मी तिला साडीचा फॉल लावायला शिकवलं. “आतून कापड लावायचं, जे कुणाला दिसणारच नाही?” असं म्हणून ती खूप हसली होती. आता बॉथेलपासून बेलव्ह्यूपर्यंतच्या सगळ्या मराठी बायका तिच्याकडेच जातात. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी माझा ब्लाउज उसवायचा होता. मी हात वर करून उभी होते, तिच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि मी सहज विचारलं, “सीरियात तुमचं गाव कुठलं?”

ती टाचण्या काढून म्हणाली, “तू नाव ऐकलं नसशील. दैर तूता.”

मी हात खाली घेतले. २०१६ मध्ये तू मला फोन करायचास ते याच गावातून. एक टाचणी लागली, पण ते मला घरी आल्यावर समजलं.

तिला एकच भाऊ होता, यूसुफ, पंचवीस वर्षांचा. वेढ्यात जखमींना हातगाडीवरून दवाखान्यात न्यायचा, बंदूक कधी धरली नाही. गावाचा करार झाला, गोळीबार थांबला, रस्ता उघडला. गावात राहणाऱ्यांना हात लावणार नाही असं सरकारने लिहून दिलं. सात आठवड्यांनी नाक्यावर त्याला बसमधून उतरवलं. गेल्या डिसेंबरात तिथले तुरुंग उघडले, लोकांनी आतल्या रजिस्टरांचे फोटो टाकले. जानेवारीत हनानला एका फोटोत ती ओळ सापडली. यूसुफ, बापाचं नाव इब्राहीम, आईचं नाव वर्दा. पुढे मृत्यूची तारीख, २०१७ मधली.

“वर्दा म्हणजे गुलाब,” ती मला सांगायला लागली. मला ते माहीत होतं, श्रीरंग. तूच सांगितलं होतंस. “एका बाईने तिचं नाव दोनदा सांगितलं, ताई. मी चुकीचं लिहीन म्हणून. वर्दा. तुझ्या बागेतल्या गुलाबाला आता वर्दा म्हण.” मी म्हणत होते. दोन वर्षं.

ते नाव त्यांच्याकडे तुझ्या यादीतून गेलं, हे खरं आहे ना, एवढंच मला लिही.

स्वानंदी

(‘ताई’ लिहायला हात वळला नाही.)


बॉथेल, १६ मार्च

श्रीरंग,

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला तो असा: “ताई, मेमध्ये यूएस सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. प्लीज असलं काही लिहून पाठवू नकोस. वकील म्हणाला, जुन्या कामाबद्दल कुठेही काही बोलायचं नाही.”

म्हणजे खरं आहे.

त्या फॉर्मवर काय विचारतात ते मला माहीत आहे, मीही भरलाय. कुणाचा छळ करण्यात तुमचा हात होता का. मी ‘नाही’वर खूण करून पुढच्या प्रश्नाला गेले होते. तुला तिथे थांबावं लागत असणार. बायकोला, रुपालीला, यातलं काही माहीत आहे? लेकीला, अनयाला? की चँडलरमध्ये तू फक्त चिपच्या कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर आहेस, ज्याचा आयुष्यात कुठल्या वेढ्याशी संबंध आला नाही?

मी आठवून आठवून सगळं जुळवलंय. चुकलं तर सांग. सांगणार नाहीस, तरी.

चौदा महिने गावाला वेढा होता. मुलं गवताचं सूप पीत होती. मग सरकार म्हणालं, करार करा. देशात युद्ध चालू राहील, पण तुमच्या गावापुरतं थांबवू. ज्यांना मान्य नाही त्यांनी बसमध्ये बसून उत्तरेला जायचं. ज्यांना राहायचंय त्यांनी यादीत नाव द्यायचं आणि घरी बसायचं. चौदा महिने उपाशी ठेवून पुढे केलेला तो कागद. त्याला तू फोनवर ‘शांतता’ म्हणायचास आणि मीही तसंच म्हणायचे.

गावाच्या कमिटीचा म्हातारा होता, अबू सलीम. त्याने स्वतःच्या हाताने यादी लिहून तुला दिली. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. तू चिडला होतास. “चार यूसुफ इब्राहीम आहेत, ताई, आणि म्हातारा म्हणतो असू देत! उद्या पीठ कुणाला द्यायचं?” तुझ्या मदत संस्थेचं पीठही त्याच यादीवर वाटायचं होतं. काम वाचावं म्हणून तू पिठाची आणि कराराची यादी एकच ठेवलीस.

तुला तेव्हा कळलं नाही, म्हातारा गबाळा नव्हता. त्याने ती चार नावं मुद्दाम तशीच ठेवली होती. सरकारच्या ‘हव्या’ माणसांच्या यादीत प्रत्येकाच्या आईचं नाव असतं. चारांतला कोणता यूसुफ हे नाक्यावरच्या शिपायाला कळू नये, म्हणून एक म्हातारा अडून बसला. आणि तू त्याला बाजूला सारून पिठाच्या रांगेत वही घेऊन उभा राहिलास. बायकांना त्यांचं नाव विचारलंस. चौदा महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आनंदाने सांगितलं.

मग तीन प्रती केल्यास. एक कमिटीला, एक संस्थेला, एक सरकारला.

रकाना वाढवायची कल्पना तुझ्या डोक्यात कुठून आली, ते मी विचारत नाही.

यापुढचं मात्र तुला माहीत नसणार. अबू सलीम हा हनानचा सख्खा काका. सरकारला यादी त्याने दिली, आईचं नाव फक्त घरच्यांना माहीत असतं, म्हणून वर्दाचं नाव त्यानेच घातलं असं त्या घरात सगळे मानतात. स्वतःचा मुलगा वाचवायला त्याने पुतण्या दिला, असं. नऊ वर्षं संशय होता, जानेवारीत तो फोटो सापडल्यापासून खात्री झालीय. तो आता जर्मनीत आहे, मुलाकडे. दर शुक्रवारी फोन करतो. ते उचलत नाहीत. हनान सांगत होती, “फोन वाजत राहतो आणि आई चहा गाळत राहते.”

हो, वर्दा जिवंत आहे. माझ्या घरापासून अकरा मिनिटांवर राहते.

आणि तू? तू त्यांच्या आठवणीत कसा आहेस ठाऊक आहे? हनान म्हणाली, “एक हिंदी माणूस होता, इंडियाचा. चांगला होता. आमच्या अंगणात बसून तुती खायचा, सगळा शर्ट जांभळा करून घ्यायचा.”

तुझा तो शर्ट मी धुतलाय, श्रीरंग. २०१७ मध्ये तू इथे आलास तेव्हा. डाग गेले नव्हते.

स्वानंदी


बॉथेल, ३० मार्च

श्रीरंग,

आज पाडवा. कार्यक्रम काल शनिवारीच झाला, बेलव्ह्यूच्या शाळेचा हॉल घेतला होता. जेवणाच्या रांगेत होते. पुढे मराठी मंडळातल्या अनिकाची आजी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. त्यांच्याबरोबर त्यांची नवीन सून.

“हिला सांग गं ती तुझ्या भावाची गोष्ट,” काकू म्हणाल्या. “अगं, युद्धात जाऊन आयांची नावं लिहिणारा! आमच्याकडचं युद्ध म्हणजे रिमोट कुणाकडे.”

मी म्हटलं, “नंतर सांगते काकू, श्रीखंड संपतंय.”

“संपू दे, मेलं डब्यातलंच आहे.”

तेवढ्यात मागून नैना. तुझी भाची आता सोळा वर्षांची आहे, तुझ्याएवढी उंच. “आई, टेल द लिस्ट स्टोरी! इट्स लाइक, द बेस्ट थिंग अवर फॅमिली एव्हर डिड.”

मी ताट टेबलावर ठेवलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. भरलेलं ताट. टाकून. म्हणजे बघ.

गिरीश, नैनाचा बाबा, मागोमाग आला. म्हणाला, “बरं वाटत नाहीये का? घरी जायचं?” मी म्हटलं, श्रीरंगचा राग आलाय. तो म्हणाला, “अजून? तीन वर्षं झाली, यार.” त्याला मी काही सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षं ही गोष्ट सांगत आले. मंडळाच्या अंकात लिहिली. नैनाच्या शाळेत मदर्स डेला सांगितली. ऑफिसात, विमानात शेजारी बसलेल्या बाईला. आईला मरताना सांगितली, आणि ती हसून गेली. २०१७ मध्ये तुला सगळं कळलेलं असणार, नाक्यावरची धरपकड तू तिथे असतानाच झाली. तू माझ्याच सोफ्यावर झोपायचास, मी तुझ्यासमोर लोकांना सांगायचे, आणि तू पाणी प्यायला उठायचास. एकदा म्हणाला असतास, ‘ताई, गप्प बस.’ एकदा! मला बोलू दिलंस. त्या तीनशे बारांतले किती गेले हे मनात मोजत बसला असशील आणि मला टाळ्या घेऊ दिल्यास. याची मी तुला माफी देणार नाही. आईला खोट्या अभिमानात जाऊ दिलंस याची देईन कदाचित, पण याची नाही.

आणि आता दुसरं. मागच्या पत्रात मी ‘विचारत नाही’ असं लिहिलं. ते वाचून तू हसला असशील, किंवा पत्र फाडलं असशील.

काल रात्रभर नाही, आज सकाळी, कॉफी घेऊन, सरळ बसून जुने मेसेज काढले. ९ जून २०१६. तू लिहिलंयस: “ताई, एकाच नावाची माणसं वेगळी कशी करतात? तुमच्याकडे पेशंटचं काय करता? इथे बापाचं नावही सेम येतंय.”

माझं उत्तर चार मिनिटांनी. मी मीटिंगमध्ये होते, टेबलाखाली टाइप केलं असणार.

“सोपं आहे. आणखी एक कॉलम घे. आईचं नाव घे. नाव, बापाचं नाव आणि आईचं नाव, तिन्ही सहसा जुळत नाहीत. डुप्लिकेट राहायला नकोत.” खाली एक गुलाबाचं चित्र. का टाकलं ते आठवत नाही.

ही यादी कुणाच्या हातात जाणार, हे मी विचारलं नाही. माझ्या कामात मी पहिला प्रश्न तोच विचारते. औषधाच्या चाचणीतल्या पेशंटचं नाव कुणाकुणाला दिसणार, यावर मी लोकांचे आठवडे खाते, माझ्या टीममधली पोरं मला त्यावरून चिडवतात. आणि तुला चार मिनिटांत उत्तर दिलं, कारण तू लांब होतास आणि चांगलं काम करत होतास.

दुसऱ्या दिवशी तू फोन केलास तेव्हा म्हणालास, ‘मी लिहिली.’ ताईने सांगितलं म्हणून लिहिली, असं म्हणाला नाहीस. तेव्हा मला वाटलं, श्रेय एकट्याने घेतोयस. थोडं लागलंही होतं. नंतर एवढी वर्षं तू एकट्याने काय घेऊन बसला होतास, ते मला आज दिसतंय. मला वाचवत होतास का? मला विचारायचं होतंस. मी लहान नाही. मी मोठी आहे, श्रीरंग, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी. मला वाचवायचा हक्क तुला कुणी दिला?

ताई


बॉथेल, १३ एप्रिल

श्रीरंग,

तुझा दुसरा मेसेज मी बऱ्याचदा वाचला. “सिटिझनशिप जाऊ दे, ताई. त्या म्हातारीचा विचार कर. नाव तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दोनदा. हे तिला सांगून काय मिळणार? तिला दिराचा राग करू दे. तो सोपा आहे.”

दोन दिवस मला वाटलं, तुझं बरोबर आहे. मी दुकानात गेले नाही. ब्लाउज तिथेच राहिला, पाडवाही जुन्या ब्लाउजवरच केला होता.

गुरुवारी हनाननेच फोन केला. “सिस्टर, तुझं काम केव्हाचं तयार आहे, घरी ये, आईनेही बोलावलंय.” गेले. वर्दाबाई लहानखुऱ्या आहेत, आपल्या आईपेक्षाही. त्यांना इंग्रजी येत नाही, मला अरबी. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “वर्दा.” मग माझ्याकडे बोट. मी म्हटलं, “स्वानंदी.” त्यांना जमेना. मी दोनदा सांगितलं. त्या हसल्या, हनान हसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

बाहेर आले तेव्हा फोन वाजत होता. शुक्रवार नव्हता. हनानने स्क्रीन पाहिली आणि फोन उशीखाली सरकवला. म्हणाली, “काकाच्या मुलाने मेसेज टाकलाय. किडन्या गेल्यात. डॉक्टर महिना म्हणतात. काका एकदा आईशी बोलायचं म्हणतोय.” वर्दाबाईंनी विचारलं असणार कोण आहे, कारण हनान काहीतरी बोलली. म्हातारीने जमिनीकडे बघून एक शब्द उच्चारला. मी अर्थ विचारला. हनान म्हणाली, “आई म्हणते, मरू दे.”

सोपा राग म्हणतोस ना तू? ये आणि बघ एकदा सोपा राग कसा दिसतो.

त्या गावात एकच माणूस शहाणा होता. बंदूकवाल्यांच्या आणि सरकारच्या मधे बसून त्याने चार पोरं एका नावाखाली लपवली. आपण दोघांनी, एकाने रांगेत उभं राहून आणि एकीने टेबलाखाली टाइप करून, त्याची पोरं उघडी केली. आता तो आपल्या वाट्याचा शाप घेऊन मरणार, आणि तू मला वर्दाबाईंची दया शिकवतोस. त्यांना कळलं तर त्या तुटतील, हे खरं असेल. पण त्यांनी नाव सांगितलं ते पिठासाठी. पुढे ते नाव कुठे पाठवायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हे त्यांना आपणच सांगू शकतो, दुसरं कुणी नाही. अबू सलीम नऊ वर्षं सांगत असेल, पण त्याचा फोन कुणी उचलत नाही.

मी या गुरुवारी, सतरा तारखेला, पाच वाजता त्यांच्याकडे जाणार आहे. ९ जूनचा माझा मेसेज वाचून दाखवणार आहे. गिरीशला काल सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “नैनाला कोण सांगणार?” मी म्हटलं, मीच. त्याआधी हे.

पण माझा मेसेज पुरणार नाही. त्यात यूसुफचं नाव नाही, गावाचंही नाही. हनान म्हणेल, तू चांगली बाई आहेस, काकाला वाचवायला गोष्ट रचलीस. दाखवता येईल अशी एकच गोष्ट आहे आणि ती तुझ्याकडे आहे. ती निळी वही. पहिल्या पानावर चिकटवलेली अबू सलीमची मूळ यादी, त्याच्या अक्षरातली, आईच्या रकान्याशिवाय. माझ्या सोफ्यावर बसून तूच दाखवली होतीस. “म्हाताऱ्याचं अक्षर बघ, ताई, मोत्यासारखं.” हनान ते अक्षर ओळखेल. लहानपणी त्यानेच तिला लिहायला शिकवलं, असं ती मला ब्लाउज मापताना सांगून गेलीय.

ते पान मला दाखव. फोटो पाठवायला भीती वाटत असेल, कुठे राहील, कुणाला दिसेल, तर पाठवू नकोस. मी गुरुवारी तिथून व्हिडिओ कॉल करीन, तू ते पान कॅमेऱ्यासमोर धर. रेकॉर्ड करणार नाही, कुठे लिहिणार नाही. खोलीत तीन बायका असतील आणि त्यातली एक तुझी बहीण. तोंड दाखवलं नाहीस तरी चालेल. पण तुला जमलं तर तू तुझ्या तोंडाने त्यांना सांग की ती नावं रांगेत उभं राहून तू घेतलीस, आणि त्या म्हाताऱ्याने तुला नको म्हटलं होतं. अरबी तुला येतं. मला येत नाही.

तुझा इंटरव्ह्यू सहा मेला आहे, हे मी विसरलेले नाही. तुला अनया आहे, हेही नाही. काही बिघडणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. दैर तूताच्या लोकांना तसं वचन लिहून मिळालं होतं.

तू वही आधीच जाळली असशील, असंही मनात येतं. जाळली असशील तर ते फोनवर सांग, शिवी देईन आणि ठेवीन.

गुरुवारी सव्वापाचला फोन येईल. तू स्क्रीनवर माझं नाव बघशील आणि तो वाजू देशील, हे मला आत्ताच, हे लिहितानाच माहीत आहे. तो उचल.

ताई